फॅरामिर उठून उभा राहतो तेव्हा

कादंबरीचा चित्रपट होताना पात्रांचं काय होतं, हे मी महाविद्यालयात शिकवते. त्या दिवशी टोलकीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला फॅरामिर हा सेनानी घेतला होता. आधी २००२ च्या ‘द टू टॉवर्स’मधला प्रसंग दाखवला. भल्याभल्यांना मोहात पाडणारी, दुष्ट सौरॉनची अंगठी ती नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोकडे आहे हे कळल्यावर फॅरामिर त्याला कैदी करून ऑस्गिलिअथ शहरात नेतो. पुस्तकात हे घडतच नाही. तिथला फॅरामिर म्हणतो, ती वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही.

एक मुलगा ताडकन म्हणाला, “मग चित्रपटाचंच बरोबर! जिच्यापायी सख्ख्या भावाची, बोरोमिरची मती फिरली, तिच्याकडे हा ढुंकूनही बघत नाही. अशा अंगठीला कोण घाबरेल?” मुद्दा बिनतोड होता. चित्रपटाच्या लेखकांनीही जवळजवळ हेच कारण दिलं आहे. शिवाय शेलॉब या महाकाय मादी कोळ्याचा प्रसंग तिसऱ्या भागात ढकलल्यामुळे फ्रोडोच्या वाटेवर त्यांना दुसरं संकट हवंच होतं.

पुस्तक एका मुलीच्या हातात होतं. एरवी ती वर्गात फारशी बोलत नाही. “मोह इथेही आहे,” असं म्हणून तिने वाचायला सुरुवात केली. फ्रोडोच्या सोबत्याच्या, सॅमच्या तोंडून अंगठीचं नाव निसटतं. फॅरामिर उठून उभा राहतो, उंच, कठोर, डोळे चमकतात. आपली योग्यता दाखवायची संधी आली, असं तो म्हणतो. फ्रोडो आणि सॅम भिंतीला पाठ लावून तलवारी चाचपतात. आणि मग तो खाली बसतो, हलकेच हसतो.

सगळं मोजक्या ओळींत. इतकी वर्षं शिकवूनही मी या उभं राहण्याकडे मोहाचा क्षण म्हणून कधी बोट दाखवलं नव्हतं. तिला ते आपसूक दिसलं. मला फार आनंद झाला. त्या मुलाने पुस्तक मागून घेतलं, तो भाग पुन्हा वाचला आणि म्हणाला, “हे तर कॅमेऱ्यात सहज मावलं असतं.”

मलाही तसंच वाटतं. चित्रपटातला फॅरामिर चुकतो आणि सुधारतो. पुस्तकातला स्वतःला ओळखून असतो. आपल्यासारखं कोणी असेल तर फॅरामिर, असं टोलकीनने पत्रात लिहिलं आहे. प्रचंड लाटेचं स्वतःला पडणारं स्वप्नही त्याने फॅरामिरलाच दिलं.

तास संपला तरी मुलं हलेनात. आता फॅरामिरच्या बापाचा, डेनेथॉरचा विषय निघाला होता. चित्रपटातला हा बाप नुसता माथेफिरू वाटतो, कारण पुस्तकात त्याला आतून पोखरणारा पलांतिर, सौरॉन ज्यातून त्याला निवडक दृश्यं दाखवतो तो दगड, चित्रपटाच्या कथेतून जवळपास गायबच झाला आहे. फॅरामिरपेक्षाही मोठा अन्याय माझ्या मते त्याच्यावर झाला. पुढच्या तासाला तोच घ्यायचं ठरलं.