रुपयाला चार आणे

चर्चिल म्हटलं की सगळ्यांना तो सिगारवाला पंतप्रधानच आठवतो. माझा आवडता चर्चिल त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधीचा. चार्ल्स चर्चिल, लंडनचा पाद्री आणि उपहासाच्या कवितेतला पट्टीचा कवी.

जन्म १७३२चा, वेस्टमिन्स्टरचा. वडीलही पाद्रीच. ते १७५८ मध्ये गेले आणि सेंट जॉन्स चर्चमधली त्यांची जागा याला मिळाली. पगारात घर भागेना, कर्ज वाढत गेलं. शेवटी शाळेतल्या मित्राचे वडील पियर्सन लॉइड मध्ये पडले आणि घेणेकऱ्यांशी तडजोड झाली: पौंडाला पाच शिलिंग. पौंडात वीस शिलिंग, म्हणजे आपल्या जुन्या हिशोबात रुपयाला चार आणे.

अमळनेरला आमची धान्याची अडत होती. एखादा व्यापारी बुडाला की चार लोक बसायचे, असंच काहीतरी ठरवायचे आणि तो मोकळा व्हायचा. पुढे त्याचे दिवस पालटले तरी उरलेले बारा आणे त्याने आणून दिल्याचं आबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

चर्चिलने दिले. १७६१ मध्ये त्याने ‘द रॉसियाड’ हे उपहासाचं दीर्घकाव्य स्वतःच्या खर्चाने, नाव न घालता छापलं. लंडनच्या नटनट्यांचा आवाज, चाल, हातवारे, एकेकाला त्याने सोलून काढलं होतं. पुस्तक तुफान खपलं. पैसा आला तसं त्याने सगळं देणं पै न पै फेडलं.

त्याची दारू, मोडलेला संसार, सगळं खरं आहे. १७६३ मध्ये त्याने चर्चची जागा सोडली, ते योग्यच केलं. पण मित्रांना तो कधी अंतरला नाही. पियर्सन यांचा मुलगा रॉबर्ट कर्जापायी फ्लीटच्या तुरुंगात पडला, तेव्हा चर्चिल त्याला दर आठवड्याला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, देत होता. आणि दुसरा मित्र, राजकारणी जॉन विल्क्स, याच्या सरकारविरोधी वृत्तपत्रात तर तो बरोबरीने राबत होता. विल्क्सला पकडायला माणसं आली, नेमका तेव्हाच चर्चिल आत शिरला. विल्क्स लगेच म्हणाला, “या मिस्टर थॉमसन, मिसेस थॉमसन कशा आहेत?” चर्चिलने खूण ओळखली, आभार मानले आणि सटकला. त्यालाही पकडायचा हुकूम होता.

१७६४ मध्ये विल्क्सलाच भेटायला फ्रान्सला गेला आणि बुलोनला तापाने वारला. वय अवघं बत्तीस.

‘द रॉसियाड’ आज जड जातं, कारण त्यातले नट आपल्याला ठाऊक नाहीत. तरी मधली पानं गाळून का होईना, कवितेत न्यायनिवाडा करायला बसवलेला शेक्सपिअर त्या काळचा नामवंत नट डेव्हिड गॅरिक याला मानाची खुर्ची देतो तिथपर्यंत नक्की जा. इतरांना सोलणाऱ्या माणसाने तिथे किती मोकळ्या मनाने दाद दिली आहे!