मसाई मारातलं वडाप

केनियाला जायचं म्हटलं की सगळे सिंह, बिबट्या, नदी ओलांडणारे विल्डबीस्ट आणि पिवळ्या तापाची लस यावरच बोलत बसतात. घरात खरी खळबळ उडते ती नैरोबीहून मसाई मारा अभयारण्यात जायच्या छोट्या विमानाचं तिकीट हातात पडल्यावर. त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं, माणशी सामान १५ किलो, हातातल्या पर्ससकट, आणि बॅग मऊ पाहिजे, चाकांची कडक ट्रॉली आणू नये. आमच्या आत्याने हे वाचून चष्मा काढला, पुसला आणि परत वाचलं. १५ किलो?? अगं एवढा तर नुसता खाऊ होतो.

मग सुरू होतात युक्त्या. दुर्बीण गळ्यात, कॅमेऱ्याची जड लेन्स जॅकेटच्या खिशात, चार्जर पँटच्या खिशात, आणि अंगात असे तीन-तीन थर की माणूस केनियाला चाललाय की केदारनाथला ते कळू नये. आत्या चकलीचा डबा ओढणीखाली धरून काउंटरला उभी राहिली होती, आणि तिथला माणूस डब्याकडे बघून नुसता हसला, रोज बघत असणार बिचारा. काही ठिकाणी तर माणसांनाही काट्यावर उभं करतात, तेव्हा मागच्या लाइनीत एकदम शांतता पसरते आणि जो तो भलतीकडेच बघायला लागतो.

यात कुणाचा खडूसपणा नाही. या फेऱ्या मारणारं विमान बहुतेक वेळा सेस्ना कॅराव्हॅन असतं. १९८२ साली पहिल्यांदा उडालेलं हे डिझाइन, एकच इंजिन, डझनभर सीटा, आणि बॅगांसाठी पोटाखाली एक बसका कप्पा. त्यात मऊ बॅग दाबून कोपऱ्यात सारता येते, कडक सुटकेस नुसती अडून बसते. शिवाय नैरोबी जवळजवळ १७०० मीटर उंचीवर, मारा पण दीड हजाराच्या वरच. एवढ्या उंचीवर हवा मुळातच विरळ, त्यात दुपारचं ऊन पडलं की अजून विरळ, म्हणजे विमानाला वर उचलायला जास्त पळावं लागतं, आणि पळायला मिळते ती मुरमाची आखूड पट्टी. मग तुमच्या चौथ्या जोडी बुटांचा हिशोब कुणाला तरी करावाच लागतो ना.

ही विमानं मुंबईची फ्लाइट उतरते त्या मोठ्या एअरपोर्टवरून निघत नाहीत. त्यांचा तळ वेगळा, विल्सन एअरपोर्ट, आणि दोघांच्या मध्ये नैरोबीचं ट्रॅफिक, ज्याबद्दल पुण्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. मारातल्या पट्ट्यांवर दिवे नसतात त्यामुळे सगळा कारभार उजेडातच, म्हणून संध्याकाळी पोचलात तर रात्र नैरोबीत काढायची. विल्सन हे नाव फ्लॉरेन्स विल्सन या बाईंचं, १९२९ साली त्यांनी नैरोबीत विमान कंपनी काढली होती. ऐकून बरं वाटलं. त्या काळात तिथे छोटी विमानं शिकारीसाठीही वापरायचे, वरून हत्तींचे कळप हेरायचे आणि खाली शिकाऱ्यांना कळवायचे. आता त्याच आकाशातून आपण मोबाइल काचेला लावून जातो.

आणि विमान म्हणजे तरी काय, वडापच की हो. कोण कुठे उतरणार त्यावर रूट ठरतो. कीकोरोक, ओल कियोम्बो, मारा सेरेना, मुसियारा, किचवा टेम्बो, या सगळ्या मारातल्या धावपट्ट्या, आणि पायलट मान मागे वळवून सांगतो, तुमचा तिसरा स्टॉप, पट्टे लावा, पाणी समोरच्या खिशात. पायलट आणि आपल्यामध्ये दरवाजा नाही, पडदा नाही, त्याच्या मागच्या सीटवर बसलात तर सगळे काटे दिसतात आणि एखादा काटा हलला की उगाच पोटात गोळा येतो. त्यातून सकाळची फेरी बरी, दुपारी जमीन तापली की विमान जे हिंदकळतं त्यात आत्याने मारुती स्तोत्र दोनदा म्हणून काढलं.

पण पंख वर असल्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं. आधी नोंगच्या टेकड्या, मग एकदम जमीनच खाली जाते ती रिफ्ट व्हॅली, मग नारोककडची गव्हाची शेतं, चौकोन चौकोन. त्यातच मसाई लोकांच्या वस्त्या, काटेरी कुंपणाचं गोल कडं आणि मध्ये गुरांची काळपट जागा. मग शेतं संपतात आणि गवतावर बारीक फिकट रेघा दिसायला लागतात, मला आधी वाटलं गाड्यांच्या चाकोऱ्या, पण त्या जनावरांच्या वाटा असतात, नीट बघितलं तर लांबून लांबून येऊन पाण्यापाशी एकत्र होतात. मला विचाराल तर पाऊण तासात हे दिसतं तेवढ्यावरच तिकिटाचे पैसे वसूल.

पट्टीवर झेब्रे असतील तर लॉजची जीप आधी एक चक्कर मारून त्यांना हाकलते, नाहीतर पायलट खालून एक घिरटी घेतो. मग खरी गंमत. उतरणारे आपण, इस्त्रीच्या खाकी शर्टात, टोपीची घडी अजून मोडलेली नाही. चढायला उभे असतात ते मात्र धुळीने माखलेले, नाकं भाजलेली, आणि चेहऱ्यावर सगळं बघून झाल्याचा तोरा. इंजिन कधीकधी बंदही करत नाहीत त्यामुळे बोलणं ओरडूनच. काय दिसलं? लेपर्ड! किती? दोन, झाडावर, पिल्लासकट! हे ऐकून आपल्याला आनंद व्हायला हवा, पण होतो मत्सर, आता आपल्यासाठी काय उरलं म्हणून. जाताना मग आम्हीही त्याच तोऱ्यात उभे होतो आणि आत्याने एका नवीन आलेल्या जोडप्याला हातवारे करून चित्त्याची शिकार अशी सांगितली की ती बाई घाबरून नवऱ्याच्या मागे सरकली.

एक मात्र खटकतं. नुसतं असं लॉजवरून लॉजवर उडत राहिलं की केनिया म्हणजे गवत, जनावरं आणि गार टॉवेल घेऊन उभा असलेला माणूस, एवढंच डोक्यात बसतं. शाळेत चाललेली पोरं, नारोकचा बाजार, दुधाचे कॅन बांधलेल्या मोटरसायकली, रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर मक्याची कणसं भाजणारे, हे सगळं त्या पाऊण तासाखाली राहून जातं. म्हणून एक बाजू तरी रस्त्याने करावी, पाच-सहा तास लागतात, पाठ बोलते, पण करावी. आणि ती येतानाचीच करावी, कारण रस्त्यावरच्या दुकानांत लाकडी जिराफ मिळतात, चांगले कमरेएवढे उंच, आणि आत्यासारखं कुणी बरोबर असेल तर तो जिराफ घेतला जाणारच आहे. १५ किलोत तो बसत नाही, आणि मऊही नसतो.