इब्री सहावा अध्याय आणि आमचे काका

मंगळवार, रात्री उशिरा

आज बायबल स्टडीत परत तोच विषय निघाला. तारण, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवल्यावर पापातून होणारी सुटका, एकदा मिळालं की मिळालं, का ते जाऊ पण शकतं? म्हणजे माणसाचा बाप्तिस्मा झालाय, साक्ष दिलीये, वर्षानुवर्षं प्रभुभोजन घेतोय, संडेस्कूल शिकवलंय, आणि मग एक दिवस सगळं सोडून घरी बसला तर त्याचं काय? आमच्या ग्रुपवर हा प्रश्न आला की आधी सगळ्या जणी रोम ८ (बायबलातल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय) म्हणतात, कशानेही आपण ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळे होणार नाही वगैरे, सगळ्यांना बरं वाटतं. मग कोणीतरी इब्री ६ काढतं, म्हणजे इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय, जिथे विश्वासातून पडलेल्यांना कडक इशारा आहे, आणि सगळ्या गप्प.

एरवी मला या वादाचं काही वाटत नाही, उलट मजा येते. पण आज जे ब्रदर शिकवायला होते त्यांनी उदाहरण दिलं, नगरच्या चर्चचे एक जुने पंच (कारभार बघणारे), एवढे सेवेत होते आणि आता चर्चची पायरी चढत नाहीत, बघा तारण गमावून बसले. नाव घेतलं नाही, पण नगरकडच्या सगळ्यांना कळलं कोण ते. लगेच एक ताई म्हणाल्या, गमावलं कसं ब्रदर, ते मुळात तारण पावलेच नव्हते, योहानाच्या पहिल्या पत्रात आहे ना, ते आपल्यातून निघाले पण आपले नव्हते. आणि मग या दोघांची छान पंधरा-वीस मिनिटं चर्चा झाली. मी म्यूटवर भेंडी चिरत बसले होते. ज्यांच्याबद्दल चाललं होतं ते माझे सख्खे काका.

काका म्हणजे आमच्याकडे पेटी वाजवायचे. डिसेंबरात कॅरल राउंडला सगळ्यात शेवटी घरी जाणारे तेच. कबरस्तानची किल्ली त्यांच्याकडे असायची, कोणी वारलं की पाळकसाहेबांच्या आधी लोक काकांना उठवायचे. मग दादा गेला, त्यांचा एकुलता एक, रस्त्यावर, रात्री, ट्रकने. त्यानंतर काका काही रविवार आले. मागच्या बाकावर बसायचे, गाणं सुरू झालं की बाहेर जाऊन उभे राहायचे. मग येणं बंद. कोणाशी भांडण नाही, देवाला शिव्या नाहीत, दुसरा धर्म धरला नाही, दारू नाही. फक्त येत नाहीत. कोणी प्रार्थना करा म्हणलं तर म्हणतात तुम्ही करा, मी बसतो.

तर हे तारण गमावलेले. किंवा कधी न मिळालेले. दोन्हीपैकी एक निवडा.

मला गंमत वाटते की ब्रदर आणि ताई एवढे तावातावाने भांडत होते पण काकांच्या बाबतीत दोघांचा निकाल एकच. एक म्हणणार, तारण होतं ते गेलं, दुसरी म्हणणार, ते नव्हतंच. आणि हे भांडण काय आजचं आहे का. अर्मिनियस हा डच धर्मपंडित १६०९ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या लोकांनी हॉलंडात पाच कलमं मांडली, आणि मग १६१८-१९ ला डॉर्ट गावात सिनड (चर्चची मोठी सभा) भरून कॅल्विनवाल्यांनी, म्हणजे सुधारक कॅल्विनची शिकवण मानणाऱ्यांनी, ठरवलं की देव ज्यांना निवडतो त्यांना शेवटपर्यंत धरून ठेवतो, मोठं पाप केलं तरी पूर्ण सुटू देत नाही. यात मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे, ती कोणी सांगत नाही. अर्मिनियसच्या लोकांनी १६१० मध्ये पाचव्या कलमात तारण जातंच असं लिहिलं नव्हतं, हे शास्त्रातून अजून नीट तपासायला पाहिजे असं लिहिलं होतं. भांडण वाढलं तशी मतं पक्की झाली. आपल्याकडे पण ग्रुपवर असंच होतं, पहिल्या मेसेजला माणूस विचारत असतो आणि दहाव्या मेसेजला शिकवत असतो.

मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या वेस्लीचं म्हणणं, माणूस पडू शकतो, पण परत उठू पण शकतो. आत्याचे मिस्टर वसईचे, कॅथलिक, त्यांच्याकडे हा प्रश्न १५४७ लाच मिटवलाय, ट्रेंटच्या परिषदेत, की मोठ्या पापाने कृपा जाते, विश्वास राहिला तरी जाते, आणि कन्फेशनने (पाद्रीपुढे पाप कबूल करून) परत मिळते. ते आम्हाला नेहमी चिडवतात, तुम्ही प्रॉटेस्टंट लोक उगाच टेन्शन घेता, आमच्याकडे सोय आहे. आणि आमचं नगरचं चर्च तर अमेरिकन मिशनचं, १८३१ पासूनचं, त्या मिशनऱ्यांची मुळं कॅल्विनच्या बाजूची. मग १९७० ला नागपुरात सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट सगळे एकाच छपराखाली आले, म्हणजे या प्रश्नावर ज्यांचं कधी जमलं नाही ते सगळे आता एकाच प्रभुभोजनाला रांगेत उभे असतात. कोणालाच काही अडचण येत नाही. बहुतेकांना माहीतच नसतं हा भाग वेगळा.

तर रात्री जेवणं झाल्यावर मी इब्री ६ परत वाचला, सावकाश. चौथ्या वचनापासून ते भयंकर वाक्य सुरू होतं. ज्यांना प्रकाश मिळाला, स्वर्गीय दानाची चव घेतली, पवित्र आत्म्याचे भागीदार झाले आणि मग पडले, त्यांना पश्चात्तापाकडे परत आणणं अशक्य आहे. आता हे वर्णन वाचून "ते कधी तारण पावलेच नव्हते" म्हणायला फार कसरत करावी लागते, ताई काही म्हणोत. पण ब्रदरांना पण हे वाचताना घाम फुटला पाहिजे. कारण इथे गेलं तर परत मिळतं असं लिहिलेलंच नाही, अशक्य लिहिलंय. आणि हेच ब्रदर दर कन्व्हेन्शनला (मोठ्या प्रार्थनासभेला) मागे पडलेल्यांना पुढे बोलावतात, तीच तीच माणसं दरवर्षी येऊन रडून नव्याने प्रभूला स्वीकारतात. हे वचन जसं ते काकांना लावतात तसं लावायचं असेल तर तो कार्यक्रम बंदच करावा लागेल.

हे असं कडक लावणारी माणसं खरंच होऊन गेलीत. सन २५० च्या आसपास रोमचा बादशहा डेसियसने हुकूम काढला की सगळ्यांनी देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तमध्ये ते दाखले सापडलेत, पपायरसवर लिहिलेले, सरकारी अर्जाच्या भाषेत, की मी कायमच देवांना बळी देत आलोय, आत्ता पण तुमच्या समक्ष अर्पण ओतलं आणि बळीचं खाल्लं, तरी सही व्हावी. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने बळी दिला. काहींनी बळी न देता पैसे देऊन नुसता दाखला मिळवला (हे वाचून मला अगदी आपल्या तहसील कचेरीत आल्यासारखं वाटलं). मग छळ थांबल्यावर हे सगळे दाराशी आले, आम्हाला आत घ्या. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला नाही घ्यायचं, मंडळीने यांना परत घ्यायचंच नाही, देवाने काय करायचं ते देव बघेल. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला घ्यायचं, पश्चात्ताप बघून, वेळ देऊन, पण घ्यायचं. हा सिप्रियन स्वतः छळाच्या वेळी लपून बसला होता, त्यावरून लोकांनी त्याला बोल लावला होता, आणि २५८ मध्ये त्याच विश्वासासाठी त्याचं डोकं उडवलं. मंडळीने शेवटी त्याचं ऐकलं, नोव्हेशियनचे लोक वेगळे झाले, शुद्ध राहिले, आणि काही शतकांत संपले.

पण खरं सांगायचं तर काकांवरून मला आठवतो तो विल्यम कूपर, इंग्लिश कवी. हा पक्का कॅल्विनवाला, म्हणजे याच्या मताप्रमाणे तारण जाऊच शकत नाही. ओल्नी गावात जॉन न्यूटनच्या चर्चमध्ये जायचा, न्यूटन म्हणजे अमेझिंग ग्रेस हे गीत लिहिणारा, दोघांनी मिळून गीतांचं पुस्तक काढलं १७७९ ला. पण त्याच्या आधीच, १७७३ मध्ये, कूपरला एक स्वप्न पडलं आणि त्याची खात्री झाली की देवाने आपल्याला टाकलंय, सगळ्यांना नाही, फक्त मला. त्यानंतर चर्चला जाणं बंद, प्रार्थना बंद. १८०० साली वारला तोपर्यंत ती भीती पूर्ण गेली नाही. डोक्याचा आजार होता हे आज आपल्याला कळतं. म्हणजे बघा, गॅरंटी तोंडपाठ होती आणि तिचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही. आणि न्यूटन, जो त्याचा पाळक, त्याने एक दिवसही असं म्हणलं नाही की हा आपला नव्हता. कूपर गेल्यावर त्याच्यासाठी उपदेश पण न्यूटननेच केला. २७ वर्षं चर्चला न आलेल्या माणसासाठी. आमच्या ब्रदरांनी काय केलं असतं कोण जाणे.

उलटं पण असतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये झाला, आणि त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, ते पुढे काही वर्षांनी झालं. केडगावला मुक्ती मिशन उभं केलेली बाई हे म्हणते. मधल्या काळात कोणी त्यांना बघून आत की बाहेर असं सांगायला गेलं असतं तर काय सांगितलं असतं? बाहेरून काही दिसत नाही हो. रजिस्टरमध्ये नाव दिसतं, हजेरी दिसते, एवढंच.

मागच्या मे महिन्यात नगरला गेले होते (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण तोंडात बसत नाही) तेव्हा मी काकांना सरळ विचारलं होतं. ते चर्चच्या पेटीचा भाता दुरुस्त करत बसले होते, हो, चर्चला जात नाहीत पण पेटी यांच्याकडेच येते. चामड्याची पट्टी डिंक लावून दाबून धरलेली, बोटं चिकट. मी म्हणलं, काका, लोक म्हणतात तुमचं तारण गेलं, तुम्हाला भीती नाही वाटत? त्यांनी वर पण बघितलं नाही. म्हणाले, "अगं पोरी, माझा चष्मा मी दिवसातून चारदा हरवतो. तारण जर माझ्याकडे ठेवायला दिलं असतं तर ते दादाच्या मातीच्या दिवशीच गेलं असतं. माझ्याकडे दिलेलंच नाही ते." आणि मग म्हणाले ती पक्कड दे.

मला तेव्हा वाटलं होतं विषय टाळला. आज वाटतंय की योहान १०, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानातला तो अध्याय जिथे येशू स्वतःला मेंढपाळ म्हणतो, याच्यापेक्षा चांगला मी कोणाकडून ऐकलेला नाही. मेंढरं माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. तिथे हात मेंढपाळाचा आहे, मेंढराला हात नसतातच. आणि येशूचा शिष्य पेत्र, त्याचं पण तेच, त्याने येशूला ओळखत नाही म्हणून नाकारलं त्याच्या आधीच येशूने त्याला सांगून ठेवलं होतं की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केलीये, आणि तू परत वळलास की भावांना धीर दे. वळलास तर नाही म्हणाला, वळलास की म्हणाला.

आणि इब्री ६ आम्ही आठव्या वचनाला थांबवतो हा खरा घोळ आहे. नववं वाचा ना. एवढं सगळं घाबरवून झाल्यावर लेखक म्हणतो, प्रियजनहो, आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याबद्दल आमची चांगलीच खात्री आहे, तारणाचीच. आणि दहावं, की देव काही अन्यायी नाही की तुमचं काम आणि पवित्र जनांच्या सेवेत दाखवलेली प्रीती विसरून जाईल. कबरस्तानची किल्ली, पहाटे उठून लोकांना माती द्यायला जाणं, हे विसरून जाईल का. ज्या पत्रात सगळ्यात भीतीदायक वाक्य आहे त्याच पत्रात, त्याच पानावर हे आहे, आणि मी इतक्या स्टडी ऐकल्या, कोणी तिथपर्यंत पोचत नाही, आठव्याला काटेकुसळं आली की प्रार्थना आणि मग चहा.

याचा अर्थ मी ताईंच्या पार्टीत गेले असं नाही. एकदा तारण तर कायमचं तारण, हे घोषणेसारखं म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. हात वर केला, कार्डावर नाव लिहिलं, झालं, आता कसंही वागा. तो इशारा कोणासाठी तरी लिहिलाच असणार ना. उगाच कोणी एवढं भयंकर वाक्य लिहीत नाही. मला वाटतं ते आत बसून सुस्तावलेल्यांसाठी आहे, चालत राहा म्हणून. त्याच अध्यायात पुढे तसं लिहिलं पण आहे, तुम्ही आळशी होऊ नका. जो दाराबाहेर उभा राहून गाणं ऐकतोय आणि आत येणं त्याला झेपत नाहीये त्याच्या पाठीत घालायला ती काठी नाही.

हे सगळं मी इथे टाइप करत असताना लेक पाणी प्यायला उठला. अकरावीत आहे. मागच्या उन्हाळी शिबिरात याने हात वर केला होता, तेव्हापासून बायबल कपाटात आणि हा मोबाईलमध्ये. स्क्रीनवर वाचून म्हणाला, म्हणजे काकाआजोबांना टेन्शन नाही ना मग? म्हणलं नाही. म्हणाला, भारी, मग मला पण नाही.

म्हणलं, तुला आहे.

"हे काय लॉजिक ए मम्मी," म्हणाला आणि बाटली तशीच उघडी ठेवून झोपायला गेला.