पावतीपुस्तकापासून वीजबिलापर्यंत : आमची वाटचाल

चिपळूणात सॉफ्टवेअर कंपनी काढली तेव्हा आमची गिऱ्हाइकं म्हणजे काजू कारखाने, पतसंस्था आणि आंबा बागायतदार. आजही पोट त्यांच्यावरच चालतं. सेवाभावी संस्थांशी नातं जुळलं ते २०२१च्या महापुरानंतर.

२२ जुलैला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातल्या पुस्तकांचंही मोठं नुकसान झालं. बाहेरून मदत भरभरून आली, कपडे आणि चादरींचे ट्रक आले. त्याबद्दल गावाला कृतज्ञता आहेच. पण गाळ काढणारे मजूर, वायरमन, पगार यांसाठी संस्थांना रोख पैसे हवे होते, आणि ते देणाऱ्यांना रीतसर पावती हवी होती.

त्या दिवसांत एका संस्थेच्या खजिनदारांकडे बसलो होतो. निवृत्त शिक्षक, अक्षर मोत्यासारखं. समोर तीन पावतीपुस्तकं: एक कार्यालयातलं, एक मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाकडून आलेलं, एक गणपतीत चाकरमान्यांसाठी देवळात ठेवायचं. कार्बनखालची प्रत पुसट, पॅन नंबर निम्म्या पावत्यांवर नाहीत. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून नियम बदलला होता. ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळण्याची, सवलत असलेल्या संस्थेने देणगीदारांची यादी आयकर खात्याच्या १०बीडी अर्जात ३१ मेपर्यंत भरायची आणि प्रत्येकाला देणगीचं १०बीई प्रमाणपत्र द्यायचं. दोन हजारांवरची रोख देणगी तर आधीपासूनच वजावटीत बसत नव्हती. हे सगळं गुरुजींनी एकट्याने कसं निभवायचं?

मग आम्ही मोबाइलवर चालणारा देणगी-नोंदीचा प्रोग्राम बनवला. पैसे यूपीआयने आले की नाव, पत्ता, पॅन तिथेच भरायचं, पावती लगेच व्हॉट्सअॅपवर जाते, आणि मे महिन्यात यादी तयार मिळते. रेंज नसलेल्या वाड्यांत नोंद फोनमध्ये राहते, गाव ओलांडलं की चढते. धर्मादाय संस्थांकडून आम्ही याचे पैसे घेत नाही, सर्व्हरचा खर्चही आमचाच.

सॉफ्टवेअर फुकट दिलं म्हणजे झालं, असं मात्र मला कधीच वाटलं नाही. नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचं कंपनी कायद्यातलं बंधन ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असलेल्यांसाठी आहे. आमच्यासारख्यांना ते लागू नाही. तरी दरवर्षी नफ्याचे दोन टक्के आम्ही वेगळ्या खात्यात टाकतो. पोरांपैकी कुणी पगारातून देणगी दिली, तर तेवढीच रक्कम कंपनी घालते. कुणाला द्यायचं हे सगळे मिळून ठरवतात आणि त्यात माझंही मत एकच धरलं जातं.

इतक्या संस्थांचे जमाखर्च पाहिल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. कपाट, बाक, पंखे द्यायला माणसं पुढे येतात, कारण त्यावर आईवडिलांचं नाव घालता येतं. त्यामागची भावना मोलाचीच आहे. पण वीजबिल, मदतनीस ताईंचं मानधन, गाडीचं डिझेल यांना देणगीदार मिळत नाही, आणि संस्था मोडतात त्या तिथेच. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून उभं केलेलं कासव संवर्धनाचं काम बघा. अंड्यांभोवती जाळीचं कुंपण हंगामात एकदा घालायचं, पण पहाटे किनारा तुडवत घरटी शोधणारा माणूस रोज लागतो. म्हणून आमची देणगी आम्ही चालू खर्चालाच देतो, आणि सलग तीन वर्षं देऊ असं आधी लेखी कळवतो. पुढच्या वर्षीचा पगार निघेल हे कळलं की संस्थेतली चांगली माणसं टिकतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

खेड, दापोली, गुहागरकडच्या संस्थांनी जरूर यावं. गेल्या वर्षीचा जमाखर्च आणि जुनी पावतीपुस्तकं घेऊन या. खजिनदारांना सोबत आणाच, शिकवायचं त्यांनाच असतं.