पान तुटण्यापूर्वी वास कुठे होता?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप आला, तेव्हा इमारत, बक्षीस समारंभ किंवा स्नेहसंमेलन यांच्याआधी मला आठवला तो कापलेल्या गवताचा वास. नववीत असताना आम्ही मुले मैदानावरचे गवत काढत होतो. विज्ञानाच्या सरांनी एक पाते माझ्या नाकाशी धरले, मग तेच बोटांत चुरडून पुन्हा धरले आणि विचारले, "तुटण्यापूर्वी हा वास कुठे होता?"

"पानात कोंडलेला होता, सर," असे मी तत्काळ सांगून टाकले.

सर काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी मूठभर गवत उकळत्या पाण्यात बुडवून काढले, गार होऊ दिले आणि मला चुरडायला लावले. पाती लिबलिबीत झाली होती, बोटे हिरवी झाली. पण तो ताजा, नाकात शिरणारा वास काही आला नाही. उकळताना तो उडून गेला असेल, अशी पळवाट मी काढताच सरांनी मला चंचुपात्रावर वाकायला सांगितले. वाफेला शिजलेल्या पाल्याचा वास होता, कापलेल्या गवताचा नव्हता. प्रयोगवहीत निष्कर्षाची जागा मी कोरी ठेवली आणि सरांनीही ती तशीच राहू दिली.

उत्तर मिळाले ते महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकताना. तो वास पानात मुळी नसतोच. असतो तो कच्चा माल. पेशींच्या पटलांमध्ये, विशेषतः हरितलवकांच्या पटलांमध्ये, लिनोलेनिक आम्ल हे 18 कार्बनांचे मेदाम्ल बांधलेले असते. पान फाटले की पटले फुटतात, मेदाम्ल सुटे होते आणि लायपॉक्सिजनेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, त्याला ऑक्सिजन जोडते. मग दुसरे विकर त्या साखळीचे 6 आणि 12 कार्बनांचे दोन तुकडे करते. 6 कार्बनांचा तुकडा म्हणजे हेक्झेनाल, आणि त्यापासून पुढे बनणारी अल्कोहोले व एस्टरे मिळून आपल्या ओळखीचा 'हिरवा' वास होतो. हे सारे काही सेकंदांत घडते. उकळत्या पाण्याने विकरेच निकामी झाल्यामुळे माझ्या हातातल्या गवतात माल होता, पण कारागीर उरले नव्हते.

हा तातडीचा वास जखमेवरच्या बुरशीला आणि जिवाणूंना जाचतो. मला मात्र अधिक नवल वाटते ते सावकाश येणाऱ्या दुसऱ्या वासाचे. टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुइस या संशोधकांनी 1990 मध्ये दाखवले की, अळीने कुरतडलेली मक्याची रोपे काही तासांनी टर्पिन वर्गातील संयुगे मोठ्या प्रमाणात सोडू लागतात आणि त्यांच्या मागावर परोपजीवी गांधीलमाशी येऊन त्या अळीतच अंडी घालते. नुसत्या धारदार ब्लेडने केलेल्या जखमेला रोपे तसा प्रतिसाद देत नव्हती. त्याच जखमेवर अळीच्या तोंडातला द्रव लावला की देत होती. त्या द्रवातले व्होलिसिटिन हे संयुग 1997 मध्ये ओळखले गेले. थोडक्यात, कात्री आणि अळी यांतला फरक रोपाला कळतो. 'झाडे एकमेकांशी बोलतात' असे यावर जे लिहिले जाते, ते मला पटत नाही. शेजारचे रोप त्या वासाने सावध होते, याचे पुरावे आहेत. पण जखमी रोप त्याच्यासाठीच वास सोडते, असे त्यावरून ठरत नाही.

हे सगळे मी सरांना पत्राने कळवले, काहीशा फुशारकीने. निवृत्तीनंतरही त्यांचे अक्षर तसेच टपोरे होते. उत्तरात त्यांनी एवढेच लिहिले होते: "गवताचे पटले. आता पुदिन्याचे पान भिंगाखाली पाहा."

मी पाहिले. पानाच्या खालच्या बाजूला पिवळसर, चकचकीत ठिपके होते, दवाच्या बारीक थेंबांसारखे. त्या ग्रंथी होत्या, आणि त्यांत तेल आधीच तयार होऊन साठलेले होते. सुईच्या टोकाने एक फोडताच वास आला. नववीतले माझे उत्तर पुदिन्यापुरते बरोबर होते आणि सरांना ते तेव्हाच ठाऊक असणार.