आजीची मुलाखत

१२ जुलै, रात्री

चौथीतल्या लेकीला गृहपाठ होता, घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाची मुलाखत घ्या. आवडता खेळ, आवडता खाऊ असे ठरावीक प्रश्न झाले आणि एक तिने मनाचाच घातला. "आजी, तुमच्या शाळेला पावसाची सुट्टी मिळायची का गं?"

आईंनी निवडत असलेली गवार बाजूला सारली. "आज तारीख काय?"

१२ जुलै १९६१ ला आमच्या सासूबाई सात वर्षांच्या होत्या, नारायण पेठेतल्या वाड्यात राहायच्या. आंबी नदीवरचं पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने १८७९ सालचं खडकवासलाही गेलं आणि मुठा थेट पेठांमध्ये शिरली. हे पुण्यात कुणाला माहीत नसतं? पण आईंच्या तोंडून ते सलग असं मी आज पहिल्यांदा ऐकलं. वडिलांनी सगळ्यांना पर्वतीकडे पिटाळलं. अंगावरच्या कपड्यांनिशी.

"आणि दप्तर?"

"राहिलं की. पाटीसुद्धा."

मातीच्या भिंतींचे कितीतरी वाडे बसले, त्यांचाही बसला. त्यात धरणच गेल्यामुळे नळाला पाणी नाही, पेठांतल्या विहिरींवर रांगा. एवढा पूर आणि प्यायला पाणी नाही, हे लेकीला पटेचना. तिने दोनदा विचारून घेतलं.

पुढे बिऱ्हाड गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत गेलं, शाळा बदलली. शेजारी बसणारी मैत्रीण सहकारनगरकडे गेली म्हणे. परत कधी भेट नाही. लेकीने तिचं नाव विचारलं, तर आईंनी क्षणाचाही विचार न करता आडनावासकट सांगितलं! मला भरून आलं. दरवर्षी आपण बुडालेल्या पुलांचे फोटो बघतो, पाणी कुठवर चढलं होतं त्यावर बोलतो. या पोरीने मात्र दप्तराची आणि मैत्रिणीची चौकशी केली, म्हणूनच आई इतकं बोलल्या असं मला अगदी मनापासून वाटतं. असा गृहपाठ देणाऱ्या बाईंचे आभार मानायलाच हवेत.

वहीत उत्तराला तीन ओळींची जागा होती. लेकीने दोन कोरी पानं चिकटवली आणि तीही भरली. गोखलेनगरच्या शाळेचं सगळं अजून राहिलंय, ते उद्या जेवणानंतर. मी फोनवर रेकॉर्ड करणार आहे आणि नवऱ्यालाही समोर बसवणार आहे. मैत्रिणीचं नाव त्यालाही माहीत नव्हतं.