गिटार फुटालीय, पण नेमकी कुठं?

गेल्या यात्रांच्या सीझनला खानापूर तालुक्यातल्या एका गावात आमचा ऑर्केस्ट्रा होता, आणि पहिल्याच गाण्याला माझ्या गिटारीचा आवाज फुटायला लागला. डिस्टॉर्शनवाला, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेला टोन एकदम ठीक, पण क्लीन, म्हणजे स्वच्छ टोनवर ई मेजरचा मोकळा कॉर्ड जोरात मारला की सुरुवातीलाच चर्र, चिरमुऱ्यांच्या पोत्यावर पाय पडल्यासारखं. प्रोसेसरवर, म्हणजे ॲम्प आणि इफेक्टचं काम करणाऱ्या डिजिटल डब्यावर, ॲम्पचा गेन (आत येणारा सिग्नल वाढवायचं बटण) कमी केला, काही फरक नाही. मास्टर कमी केला, तर गिटार लहान झाली आणि ते चर्रपण लहान झालं, गेलं मात्र नाही. मग मला वाटलं मिक्सरच फुटतोय, म्हणून साऊंडवाल्या अण्णांना खुणा करकरून गेन खाली घ्यायला लावला. त्यांनी घेतला, पीएफएल (एकाच चॅनलचा आवाज हेडफोनवर ऐकवणारं बटण) दाबून ऐकलं, आणि गाणं संपल्यावर स्टेजजवळ येऊन म्हणाले, "मास्तर, माझ्याकडं लाल लाईट लागतच नाही. तुमच्या डब्यातनंच फुटून यालंय बघा."

अण्णांचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी घरी टिळकवाडीत बसून प्रोसेसरला थेट हेडफोन लावला आणि रिकामा प्रीसेट घेतला, म्हणजे ॲम्प नाही, कॅब (स्पीकरचा डबा) नाही, रिव्हर्ब (घुमारा) नाही, नुसती गिटार आत आणि गिटार बाहेर. हळू वाजवलं तर काचेसारखं स्वच्छ. स्टेजवर मारतो तसा हात मारला आणि चर्र! आता आत काहीच चालू नसताना फुटतंय आणि हेडफोनचा आवाज बारीक केला तरी फुटतंय, म्हणजे ते दारातच फुटतंय, जिथं गिटारीच्या व्होल्टेजचे आकडे होतात तिथं.

ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ट्यूब ॲम्पला जास्त सिग्नल दिला तर तो हळूहळू दबतो, लहरीचं डोकं गोल होतं, आणि ते कानाला गोडच लागतं, आपण त्यासाठी तर पैसे मोजतो. डिजिटलमध्ये तसं नाही. तिथं वरचा आकडा ठरलेला आहे, शून्य डीबीएफएस (डिजिटल मोजपट्टीचं सगळ्यात वरचं टोक), त्याच्या वर आकडाच नाही. तुमचा सिग्नल त्याच्यावर गेला की जेवढा वर गेला तेवढा भाग विळ्यानं कापल्यासारखा सपाट होतो आणि तो कापलेला भाग कुठंच साठवलेला नसतो, त्यामुळं पुढं कितीपण गेन कमी करा, मास्टर कमी करा, इक्यू लावा, परत येत नाही. डिस्टॉर्शनवाल्या टोनमध्ये ते झाकून जातं एवढंच, असतं तिथंपण.

आता माझ्याकडं एवढा सिग्नल आला कुठनं? माझी आधीची गिटार सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून सिग्नल करणारा भाग), आवाज नाजूक, म्हणून प्रोसेसरच्या आधी एक बूस्टर पेडल ठेवलेलं होतं. नंतर गिटार बदलली, हमबकरची (दोन कॉइलच्या पिकअपची) घेतली, तीपण गरम, म्हणजे तगडा सिग्नल देणाऱ्या पिकअपची, आणि बूस्टर तसाच राहिला बोर्डवर! आवाजात सहा डीबी (डेसिबल) वाढले म्हणजे व्होल्टेज दुप्पट, वीस डीबी म्हणजे दहापट. आधीच तगडा सिग्नल, त्याच्यावर बूस्टर, आणि वर स्टेजवरचा माझा उजवा हात. घरी प्रॅक्टिसला कधी कळलं नाही कारण घरी मी तेवढ्या जोरात मारतच नाही.

बूस्टर काढला, निम्मं काम तिथंच झालं. मग ग्लोबल सेटिंगमध्ये इनपुट पॅड (आत येणारा सिग्नल दारातच कमी करणारं सेटिंग) मिळाला, तो चालू केला आणि उरलेलं चर्रपण गेलं. पॅडनंतर ॲम्प थोडा मवाळ वाटतो, कारण त्याला कमी सिग्नल पोचतो, पण त्यात घाबरायचं काही नाही, तो गेन आत वाढवा, ॲम्पच्या आधी बूस्ट ब्लॉक लावा, आत बहुतेक मशीनमध्ये फ्लोटिंग पॉइंटचं (खूप मोठे आकडेपण मावणारं) गणित चालतं, तिथं भरपूर जागा असते. ज्यांच्याकडं पॅड नाही त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन पिकअप तारांपासून थोडं खाली न्यावं, फुकटातलं काम आहे आणि खरंच फरक पडतो. गिटारीचा व्हॉल्यूम कमी करूनपण जमतं, पण बऱ्याच गिटारींत त्यानं वरची धार जाते, मला ते आवडत नाही.

आणि मीटर शून्याला टेकवायचा हट्ट सोडा. चोवीस बिटचं मशीन असेल तर सगळ्यात जोराचा फटका उणे बारा डीबीच्या आसपास आला तरी नॉइजचा त्रास होत नाही.

आउटपुटचं वेगळं. तिथं मी दोन ॲम्प समांतर लावतो, दोन सारखे सिग्नल एकत्र आले की सहा डीबीपर्यंत वाढतात, त्यामुळं शेवटी मिक्स करताना लेव्हल खाली घ्यावीच लागते, नाहीतर बाहेर पडताना फुटतं. शिवाय मिक्सरच्या माइक इनपुटमध्ये लाइन लेव्हल, म्हणजे माइकपेक्षा बराच तगडा सिग्नल घातला की अण्णांकडचा लाल लाईट लागणारच, तेव्हा आउटपुट कुठल्या लेव्हलला आहे ते आधी बघून घ्या. पण हे फुटणं लेव्हल खाली घेतली की जातं, दारातलं जात नाही, एवढा फरक कळला तरी स्टेजवरचा निम्मा गोंधळ वाचतो.

परवा निपाणीला प्रोग्रॅम होता, साऊंडला तेच अण्णा. साऊंड चेकला सगळ्यात आधी रिकामा प्रीसेट लावला, ई मेजर सगळ्या ताकदीनं मारला, चार वेळा. अण्णांनी हेडफोनचा एक कान दाबून ऐकलं आणि मिक्सरवरनंच हात वर केला.